पोळा फुटायची वेळ

चिचघाट, ता. कारंजा (घाडगे)
८ जून २०२५

चि. उज्वलाले मनोहर काकाजीचा आशीर्वाद.

तू धाडलेलं पेपरातलं कात्रण भेटलं. फोटो चांगला आला, पन केसं काऊन कापले व? तुह्या काकूनं फोटो हातात घेतला अन् पह्यले तेच इचारलं. कात्रण इंग्रजीतलं, म्हून सून रीतानं वाचून दाखवलं. वाचून म्हंजे माह्या कानात ओरडून. माह्ये कान आता पुरे गेले. ते यंत्र लावलं का नुसती शिट्टी वाजते. सासऱ्याच्या कानात ओरडाची संधी कोनत्या सुनेले भेटते सांग! रीता बी कसर ठेवत नाई. फोनवर तू बोलतं अन् मी वारा ऐकतो, म्हून कागदच बरा. मोबाइलवरची अक्षरं बोट लागलं का पळतात लेकाची.

कात्रणात लिवलं होतं का तू मोटरस्पोर्ट कंपनीची मोठी अधिकारी आहे. मी चावडीवर सांगतलं, आमची उज्वला मोटर कंपनीत साहेब झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश्वर भांगे इहिरीवरची जळालेली मोटर बंडीत घालून अंगनात हजर! म्हने, पोरीले सांगा, वारंटीत बसवून द्या म्हना. त्याच्यानंतर आनखी दोघं येऊन गेले. एक तर बोअरची उपसून घेऊन आला. आता मी कोनाकोनाले समजावू?

तर नीट लिवून धाड, तू नेमकं करतं काय? गाड्या बनवतं, का चालवतं, का इकतं? तुहा बाप अण्णाजी होता तवरी तुह्या नोकरीचं तो पाहे, मी कधी इचारलं नाई. आता भाऊ गेला, म्हून इचाराचं काम माह्यावर आलं. इचारलं म्हून रागवजो नको.

तुहा
मनोहर काकाजी


पुणे
२७ जून २०२५

ती. काकाजी व काकू यांना नमस्कार.

केस वीस वर्षांपूर्वी कापले. घरी यायच्या वेळी पदर घेत होते म्हणून कुणाला दिसले नाहीत.

मी गाड्या बनवत नाही, चालवत नाही, विकतही नाही. दुसरे लोक गाड्या शर्यतीत पळवतात. त्या पळाव्यात म्हणून जे लागतं ते सगळं मी बघते. रस्ता मिळवायचा, तो एका दिवसापुरता बंद करायचा, पोलीस, वनखातं, कलेक्टर कचेरी, विमा, अँब्युलन्स, आणि काही बिघडलं तर शर्यत थांबवायची. ज्ञानेश्वरभाऊंना सांगा, त्यांची मोटर नव्याने तार गुंडाळायला हिंगणघाटला टाका. माझ्याने होणार नाही.

नागपुरात बीकॉम झाल्यावर टायरच्या कंपनीत लागले होते. त्यांनी मला एका रॅलीत टायर मोजायला पाठवलं. तिथे सगळे पुरुष आणि मी एकटी. पहिल्या दिवशी तिघांनी माझ्याकडे चहा मागितला. मी तिघांनाही चहावाला कुठे बसतो ते दाखवलं. त्यांतला एकजण आज माझ्या हाताखाली आहे आणि रजा माझ्याकडे मागतो. मधली वर्षं कशी गेली ते लिहीत बसत नाही. कामात गेली.

आता कामाचं. आमच्या कंपनीचे एमडी, म्हणजे सगळ्यांत वरचे, यंदा निवृत्त होताहेत. त्या खुर्चीसाठी दोन नावं आहेत. एक मी, दुसरे मार्केटिंगचे सब्बरवाल. आमच्याकडे त्या खुर्चीत बाई अजून बसलेली नाही. मला ती खुर्ची हवी आहे. आडपडदा ठेवत नाही, हवी आहे.

त्याआधी माझ्या हातात एक शेवटची मोठी रॅली आहे, विदर्भातली. तिचा एक टप्पा मी चिचघाट ते तलाव ह्या रस्त्यावर ठेवला आहे. तारीख वरून ठरून आली, २२ ऑगस्ट. पंचांग उघडलं तर त्याच दिवशी पोळा. सब्बरवाल बैठकीत हसले, सणाच्या दिवशी तुम्हाला रस्ता कोण देणार म्हणाले. मी म्हटलं, सणाच्या दिवशीच मिळेल. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू नसतं, वावरात कुणी जात नाही, रस्त्यावर एक बंडी दिसत नाही. दुपारपासून सगळे बैल गावाबाहेर आखराच्या मैदानावर तोरणाखाली उभे आणि सगळं गाव त्यांच्यापाशी. तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत त्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बोर्डाने माझ्या ह्या एका शब्दावर मान्यता दिली.

तोरण तोडायचा मान आपल्या घराचा, म्हणजे आता तुमचा. शेवटची गाडी चारपर्यंत गेलेली असेल. पोळा साडेचारच्या आधी फुटू नये, एवढं तुम्ही सांभाळाल का?

आपली
उज्वला


चिचघाट
१३ जुलै २०२५

चि. उज्वलाले आशीर्वाद.

ग्रामसभा झाली. तुहा अर्ज रीतानं वाचला. सरपंच म्हने, रस्ता द्याले काई हरकत नाई, पन या गाड्या जाते कोठं? मी म्हनलं, कोठंच नाई जात. जेथून निंघाल्या तेथंच संध्याकाळी वापस येतात. तर मंदाबाई उठली अन् म्हने, 'मंग घरीच राहावं ना बापा!' सभा अशी हासली का माह्या बहिऱ्या कानाले बी ऐकू आलं. शेवटी ठराव पास झाला. तुह्या नावावर झाला, हे ध्यानात ठेवजो. दुसरा कोनी मागता तर पोळ्याच्या दिवशी रस्ता भेटला नसता.

अन् पोळा साडेचार म्हंजे साडेचार. आमच्या बापानं तोरण तोडलं, आता मी तोडतो, माह्या हातानं तुटल्याबिगर एक बैल हालत नाई. खुर्ची तुहीच समज.

पन एक गोष्ट मले खटकून राह्यली. रस्ता गावानं द्याचा, अन् ज्या टायमाले गाड्या जातीन त्या टायमाले गाव आखरावर बैलाचे दोर धरून उभं राहीन. बाकीच्याईले निदान घूं घूं आवाज तरी येईन. मले तर तो बी नाई. आपल्या पोरीचा खेळ आपल्या दारावरून जाईन अन् आपन पाह्याचाच नाई? हे काई बरोबर नाई व माय.

काकू म्हनते, पोळ्याले येशीन तर पुरनाच्या पोळ्या खाऊन जाजो.

तुहा
काकाजी


पुणे
३ ऑगस्ट २०२५

ती. काकाजी यांना नमस्कार.

ठरावाची प्रत पोचली. मी ती फाइलला लावली आणि एकदा बाहेर काढून परत वाचली. असं मी सहसा करत नाही.

तयारी सुरू आहे. मी त्या दिवशी कारंजाला मंगल कार्यालयात बसेन, तिथे आमची कंट्रोल रूम असेल. रस्त्यावर जागोजागी कॅमेरे आणि आमची माणसं असतील. मला जागेवरून हलता येणार नाही, म्हणून पोळ्या काकूंनी ठेवून द्याव्यात, दुसऱ्या दिवशी शिळ्या खाईन.

तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. गावाने पाहावं असं मलाही वाटतं, फार वाटतं. ज्यांच्या घरी बैल नाहीत त्यांनी मारुतीच्या देवळाच्या वळणावर, आम्ही दोरी बांधू तिच्या मागे, उभं राहावं. ह्या रॅलीत वेगवान गाड्या आम्ही शेवटी सोडणार आहोत, तीननंतर. त्या वळणावर त्या कशा फिरतात ते बघण्यासारखं असतं. तेवढ्या तरी आपल्या गावाने पाहाव्यात. तुम्ही पाहिल्या तर मला बरं वाटेल.

आपली
उज्वला


चिचघाट
२५ ऑगस्ट २०२५

चि. उज्वला,

पत्र लिवाचं मन नोतं. काकू म्हने, लिवून टाका, नाई तं दोन दिवस माह्यावर चिडत राहाल. म्हून लिवतो.

तू लिवलं होतं का गावानं तीननंतरच्या गाड्या पाहाव्या. तुले बरं वाटन. आता साडेचारले पोळा फोडला तर गाव तीनले येईन कसं? अर्धं गाव तं बैलवालं. मी दोन दिवस इचार केला. अन् मंग तुह्यासाठी मी पोळा लवकर फोडला. तीन वाजता! आजवरी या गावात असं झालं नाई. तोरणाखाली गाऊन म्हनतात त्या झडत्या मी दोनच म्हनू देल्ल्या. ऋतिक गवळी महिनाभर पाठ करत होता, तो रुसून बसला. शिंगाले मखर लावलेला मानाचा म्हातारा बैल नुकताच आलता, त्याले बी सावलीत उभं राहू देल्लं नाई. हर हर महादेव म्हनलं अन् तोरण तोडलं.

लोकं म्हने, बैलं घरी नेऊन, पाय धुऊन, पूजा करून मंग जाऊ. मी म्हनलं, तवरी गाड्या थांबतीन का? मारुतीले बैलं न्याचीच असतात, चला तसेच, बैलासकट. झुली घातलेल्या, शिंगाले बेगड, पुढं डफडं, अन् सगळ्याच्या पुढं मी. पुरं गाव तुहा खेळ पाहाले निंघालं व बाई! वळनावर तुह्ये दोघं जन दोरी धरून होते. हात हालवून हालवून ओरडत होते. मी समजलो स्वागत करून राह्यले. मी बी हात हालवला.

दोरी ओलांडून आमी रस्त्यावर आलो तं दुरून एक गाडी चिखल उडवत येतानी दिसली. वळनाच्या अलीकडं नालीत उतरली. चालवनारा आपल्या पायानं बाहेर निंघाला, म्हंजे काई झालं नसन. मंग कोनीतरी लाल झेंडा दाखवला. अन् बस. खेळ खतम! आमी बैलं धरून उभेच. एक गाडी आली नाई. डफडं बंद झालं. शेवटी लोकं आपापले बैल घेऊन घरी गेले.

मले एवढंच इचारायचं आहे, काऊन बंद केला व? आमी आलो अन् तू बंद केला. मंदाबाई चारचौघात म्हने, पोरगी मोठी झाली, गावचे लोकं पाहून लाजली. दुसऱ्या दिवशी तू येतो म्हनलं होतं. पोळ्या तशाच राह्यल्या, शेवटी गाईले घातल्या.

मनोहर


पुणे
९ सप्टेंबर २०२५

ती. काकाजी यांना नमस्कार.

तांत्रिक कारणामुळे तो टप्पा थांबवावा लागला. अशा वेळी निर्णय ताबडतोब घ्यावा लागतो आणि तो मीच घेतला. दुसऱ्या दिवशी लगेच पुण्याला यावं लागलं म्हणून घरी आले नाही. काकूंची माफी मागते.

मंदाबाईंना सांगा, मी लाजले नाही. गावाला लाजण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

खुर्चीचा निर्णय पुढे गेला आहे. इकडे पाऊस चालू आहे. तब्येतीला जपा.

उज्वला


चिचघाट
७ ऑक्टोबर २०२५

चि. उज्वलाले अनेक आशीर्वाद.

काल तहसीलमधून मानूस आलता. चावडीवर बसला, अन् एकेकाले बोलावून इचारू लागला का पोळा किती वाजता फुटला, कोनं फोडला, ठराव असून बैलं रस्त्यावर कसे आले. माह्या टायमाले रीतानं कानात ओरडून सांगतलं. तेव्हा मले पह्यल्यांदा समजलं का त्या नालीतल्या पोराचा हात मोडला. आमचे बैल पाहून त्यानं गाडी नालीत घातली. नाई घालता तं काय झालं असतं ते मले कोनी सांगाची गरज नाई. पुढं मी होतो. माह्या मांगं लेकरं होती.

ते ओरडनारे पोट्टे स्वागत करत नोते. हे गावात सगळ्याईले मालूम होतं, फक्त मले नाई. बहिऱ्याले कोन सांगते? अन् मुख्य म्हंजे मानकऱ्याले कोन सांगते? सगळे म्हनत, मनोहररावनं तोरण तोडलं म्हंजे पोरीसंग बोलूनच तोडलं असन.

तुले मालूम होतं. मले काऊन नाई सांगतलं? तांत्रिक कारन म्हने! मी रीताले इचारलं, तांत्रिक म्हंजे काय? ती म्हने, यंत्राचं. मी महिनाभर गावात सांगत फिरलो का यंत्र बिघडलं होतं.

मी तहसीलवाल्याले लिवून देल्लं, सही करून. पोळा मी फोडला, टाइम मालूम असून फोडला, दुसऱ्या कोनाचा दोष नाई. ते दोरीवाले पोट्टे तं बिलकुल नाई. तू बी तसंच लिव. आता रातची झोप नाई. तुह्या खुर्चीचं काय झालं ते तेवढं कळव.

तुहा
काकाजी


पुणे
१७ ऑक्टोबर २०२५

ती. काकाजी यांना नमस्कार.

विचारलंत म्हणून सगळं लिहिते.

त्या दिवशी माझ्यासमोर बारा पडदे होते. मारुतीच्या वळणाचा पडदा डावीकडून तिसरा. त्यावर आधी डफडंवाले आले, मग तुम्ही. पांढरं धोतर, गुलालाने लाल झालेली टोपी, आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे हात हलवत होता. शेजारच्या माणसाने विचारलं, हा कोण म्हातारा? मी लाल झेंड्याचा हुकूम दिला. तो हुकूम आणि तुम्हाला ओळखणं ह्यांत आधी काय झालं ते मला सांगता येत नाही. सतरा वर्षं मी लोकांना शिकवते की असा हुकूम देताना रस्त्यावर कोण आहे हे बघायचं नसतं.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला तुमचा राग आला होता. अजून आहे. मी एक वेळ मागितली होती, फक्त एक वेळ. आणि ती तुम्ही माझ्यावरच्या मायेने मोडलीत. दुसऱ्या कुणी मोडली असती तर मी त्याच्यावर दावा लावला असता. तुमच्यावर काय लावू? म्हणून तांत्रिक कारण लिहिलं. मग मला स्वतःचाही राग आला, कारण तीननंतरच्या गाड्या गावाने पाहाव्यात हे मी लिहिलं होतं. माझ्या हाताखालच्या कुणी असं वाक्य बाहेर पाठवलं असतं तर मी त्याला घरी बसवलं असतं.

चालकाचं मनगट सांधलं आहे. तो डिसेंबरात गाडी चालवील. त्याने तक्रार केलेली नाही, उलट बैल फार देखणे होते म्हणाला.

आता खुर्चीचं. बोर्डाने मला अपघाताचा अहवाल लिहायला सांगितलं आहे. तो ३१ तारखेला द्यायचा. चेअरमननी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, त्यांना मीच त्या जागी हवी आहे. ते म्हणाले, तहसीलचा कागद आला आहे, दोष गावच्या माणसाचा आहे हे त्याने स्वतः कबूल केलंय. तुम्ही एवढंच लिहा, 'जमावातील एका स्थानिक वृद्ध इसमाने ठरलेली वेळ मोडली.' कंपनी मोकळी, तुम्ही मोकळ्या. अहवाल हाती आला की पुढच्या आठवड्यात तुमच्या नावाची घोषणा करतो. तुमचं आडनाव माझंच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आहे की नाही, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

आणि पोळ्याची वेळ मी घरच्या माणसाशी खासगी पत्रांतून ठरवली, त्यालाच गाव घेऊन ये म्हणून लिहिलं, हे अहवालात आलं तर दोष माझ्याकडे येतो. मग खुर्ची सब्बरवालांची. हिशोब सरळ आहे.

काय लिहायचं ते मी तुम्हाला विचारत नाही. ते माझं काम आहे. दिवाळीला येत नाही.

आपली
उज्वला


चिचघाट
२६ ऑक्टोबर २०२५

चि. उज्वलाले आशीर्वाद.

तुहं पत्र दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी भेटलं. रीताले वाचू देल्लं नाई, मी सोताच वाचलं. राग आला हे लिवलं ते बरं केलं. चांगलं खणखणीत लिवलं. अण्णाजी असाच रागवे, एकदा बोलला का मंग मोकळा.

हिकडली खबर अशी का गावानं तोरणाचा मान काढून घेतला. बैठक झाली. कोनी वाईट बोललं नाई, तेच जास्त लागलं. सरपंच म्हने, मनोहरराव, आता तुमाले ऐकू येत नाई, पुढच्या सालापासून मधुकरराव तोडन. मी म्हनलं, बरोबर आहे. ज्या मानसानं आपल्या घरच्या पोरीसाठी गावाचा पोळा येळेच्या आंधी फोडला, त्याच्या हातात तोरण देऊ नाई. घरी आलो, जेवलो नाई. काकूनं बी आग्रह केला नाई.

आता तू ऐक. ते इसम लिव. चेअरमन सायेब सांगते तसंच लिव. त्यात खोटं काय आहे? स्थानिक आहो. वृद्ध आहो. अन् इसम बी आहोच, बैल तं नाई ना! मी कोनाचा काका लागतो याच्याशी त्या पुण्याच्या लोकाईले काय करायचं? मी माह्या हातानं तुह्या वाटेत बैल आनून उभे केले, आता तेथून हटवू तं देजो. मले बिलकुल वाईट वाटनार नाई.

तू नागपूरले शिकाले गेली तेव्हा गावानं अण्णाजीले नाई नाई ते म्हनलं. तेव्हा मी बी म्हनलं होतं, पोरीले एवढं शिकवून काय करतं. आता त्याचं राहू दे. खुर्ची घेजो. सब्बरवालले काय समजते पोळा म्हंजे काय?

इसमच लिवजो बापा. हात जोडतो.

तुहा
मनोहर काकाजी


पुणे
११ नोव्हेंबर २०२५

ती. काकाजी यांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र ४ तारखेला मिळालं. अहवाल मी ३१ लाच दिला होता. आधी मिळालं असतं तरी फरक पडला नसता, म्हणून टपालखात्याला बोल लावू नका.

काल घोषणा झाली. सब्बरवाल एमडी झाले. मी उठून त्यांच्याशी हात मिळवला. माझं काम मला तेच ठेवलं आहे, फक्त पुढच्या वर्षापासून रस्त्यांची निवड त्यांच्या सहीने होईल. आज सकाळी त्यांनी मला विचारलं की जानेवारीत कोइमतूरजवळच्या टप्प्याच्या दिवशी तिकडे कुठला सण तर नाही ना. मी बघून सांगते म्हटलं. मला वाईट वाटलं आहे. काल घरी येऊन मी रडले, आणि मग भाकरी पिठलं करून जेवले. अठरा वर्षांनी ती खुर्ची हाताशी आली होती, पुन्हा येईल असं वाटत नाही. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. विचारत राहाल, म्हणून एकदाच लिहिते.

गावाने मान काढून घेतला ते योग्य केलं. मी त्या बैठकीत असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि नंतर घरी येऊन तुमच्याबरोबर उपाशी बसले असते.

अहवालातलं ते वाक्य तुम्हाला मराठीत लिहून पाठवते. 'ठरलेल्या वेळेआधी तोरण श्री. मनोहरराव किनकर, माझे काका, यांनी तोडले. वेळ मी त्यांच्याशी परस्पर ठरवली होती आणि शर्यत पाहायला मीच त्यांना बोलावले होते.' चेअरमननी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, बाकी सगळं राहू द्या, मी सांभाळून घेतो, पण 'माझे काका' एवढे दोन शब्द काढलेत तरी तुमचं काम होईल. अजून कुणी वाचलेलं नाही.

मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, का? मी कागद हातात घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. ते वाट बघत होते, आणि मी उठेपर्यंत त्यांना वाटत होतं की मी ते दोन शब्द काढीन.

तुमची पुतणी
उज्वला